येवला सोडून कुठेही

"येतो, पण एका अटीवर. येवल्याला जायचं नाही. येवल्याचं नावसुद्धा काढायचं नाही."

बापूने छातीवर हात ठेवून "नाही काढणार" म्हटलं, रशीदने मान डोलावली, तेव्हा कुठे मी ट्रंकेला कुलूप घातलं. आमच्या नाशिक-यात्रेची सुरुवात झाली ती अशी.

येवला ही माझी सासुरवाडी. दोन वर्षांपूर्वी माझी पत्नी इंदू विषमज्वराने गेली, तेव्हापासून मी त्या घराची पायरी चढलेलो नाही. भांडण नव्हतं, रुसवा नव्हता. सासऱ्यांचं कार्ड यायचं, "प्रकृतीस जपावे", मी उलट टपाली "जपतो" म्हणून लिहायचो. पण जायचं म्हटलं की पाय जड व्हायचे. दारात मी उभा राहिलो की सासूबाईंची नजर आधी माझ्या मागे जाणार, बरोबर कोण आलंय ते बघायला. त्या नजरेला मी काय सांगणार होतो? दिवसाच्या वेळापत्रकात शाळा आणि शिकवण्या कोंबून मी तो प्रश्नच मिटवून टाकला होता.

माझ्याबरोबरचे हे दोघे कोण तेही सांगतो. रशीद साताऱ्याला आमच्याच शाळेत चित्रकला शिकवतो, मी गणित. तो दिवसाकाठी मोजून बोलतो. बापूचं सायकलींचं दुकान आहे. त्याला जगात दोनच गोष्टी येतात, पंक्चर काढणं आणि पैजा लावणं, आणि पहिलीत तो बेताचाच आहे. तिघेही लहानपणापासून एकाच आळीतले. शिमग्याची सुट्टी होती, तिला जोडून मी रजा टाकली, आणि निघालो.

खेळ सुरू झाला तो आगगाडीत. फाल्गुनात घरोघर चिंच फोडायचं काम चालतं. बापूने घरातून निघताना चिंचोक्यांची एक पिशवीच उचलून आणली होती. तिघांना सारखे वाटले. नियम साधे. एकाने दुसऱ्याला एखादं आव्हान द्यायचं आणि त्यावर आपले चिंचोके लावायचे. समोरच्याने ते केलं तर चिंचोके त्याचे. नाही म्हटला किंवा जमलं नाही, तर त्याने तेवढेच चिंचोके आपल्या खिशातून भरायचे आणि सुटायचं. तिसऱ्या कोणाला त्रास होईल असं आव्हान द्यायचं नाही, ही रशीदची भर. साताऱ्याला परतल्यावर ज्याचा खिसा जड, त्याचं एक म्हणणं बाकीच्या दोघांनी तोंडातून अक्षर न काढता ऐकायचं.

माझं म्हणणं मी तेव्हाच ठरवून टाकलं. या दोघांनी गेलं वर्षभर "दिगू, आता दुसरं लग्न कर" असा धोशा लावला होता. जिंकलो की सांगणार होतो, हा विषय माझ्यासमोर पुन्हा काढायचा नाही. त्यामुळे इतरांना तो पोरखेळ वाटला असेल, मी मात्र कंबर कसून खेळत होतो.

नाशिक

नाशिकला पोचलो तो दिवस रंगपंचमीचा. आमच्याकडे रंगपंचमी म्हणजे पिचकाऱ्या, लोटे, आणि अंगावर रंग पडला म्हणून शेजाऱ्यांशी बाचाबाची. नाशिककर असल्या चिल्लर रंगात हात घालत नाहीत. इथे चौकाचौकांत दगडी बांधणीचे हौद आहेत, त्यांना रहाड म्हणतात. वर्षभर ते फळ्या टाकून आणि वर माती लोटून बुजवलेले असतात. त्यावरून टांगे जातात, आणि परक्या माणसाला पत्ताही नसतो की आपल्या पायाखाली काय आहे. रंगपंचमीला फळ्या काढतात, पूजा करतात, आणि फुलांचा उकळलेला रंग त्यात ओततात. मग माणसं काठावरून थेट उडी घेतात. उडीने जितकं पाणी बाहेर उसळेल तितका आरडाओरडा जास्त.

आम्ही काठावर उभे होतो. मी पांढरा सदरा, काळी टोपी आणि चष्मा अशा थाटात. बापूने मला न्याहाळलं आणि खिशात हात घातला.

"दिगू, पाच चिंचोके. मार उडी."

"वेडा आहेस का? मास्तर आहे मी."

"इथे कोण ओळखतंय तुला? आणि नको असेल तर पाच मोज. जबरदस्ती नाही."

ती "जबरदस्ती नाही" मला भारी झोंबली. चष्मा रशीदच्या हातात दिला, टोपी दिली. शेजारच्या एका धिप्पाड नाशिककराने विचारलं, "पाव्हणे का? मग असं बिचकत बिचकत नाही जायचं. पाय पोटाशी घ्या आन् द्या धप्पा!" दिला. रंग कोमट होता, नाकातोंडात गेला, पाय तळाच्या दगडाला लागले, आणि वर आलो तो मी हसत होतो. मोठ्याने, कसलीही लाज न बाळगता. असा मी किती दिवसांत हसलो नव्हतो ते मला त्या हौदात कळलं. त्या धिप्पाड गृहस्थाने माझी दंडाला धरून उचलबांगडी केली आणि पाठीवर अशी थाप मारली की उरलेला रंगही घशातून बाहेर आला. त्याच्या घरी नेऊन त्याने आम्हाला चिवडा आणि वर कच्चा कांदा चिरून दिला. आम्ही साताऱ्याची माणसं चिवड्याला दिवाळीचा पाहुणा समजतो, इथे तो घरचाच आहे. देव त्या माणसाचं भलं करो. सदरा मात्र कायमचा केशरी झाला.

दुसऱ्या दिवशी गंगेवर गेलो. गोदावरीला इथे सगळे गंगाच म्हणतात, तुम्ही गोदावरी म्हटलंत की परके ठरता. भांडीबाजारातून हिंडताना तांब्याच्या भांड्यांवरची ठाकठोक इतकी चालते की शेजारच्याशीही ओरडून बोलावं लागतं. तिथेच मी बापूचा सूड उगवला. उद्या निफाडला जाताना मोटारीत चढल्यापासून उतरेपर्यंत बापूने एक शब्द बोलायचा नाही, असं आव्हान मी दिलं आणि रहाडीत कमावलेले चिंचोके सगळे त्यावर लावले. बापू आणि गप्प! हे चिंचोके कुठेही जात नाहीत, अशी माझी खात्री होती.

निफाडकडे

सर्व्हिस मोटार धुरळा उडवत निघाली. बापू ओठ घट्ट मिटून बसला. त्याच्या शेजारी एक म्हातारी बाई होती, मांडीवर गाठोडं. तिने विचारलं, "कुठं चालले रे बाबा?" बापूने बोट पुढे केलं. "निफाड का?" बापूने मान हलवली. "बोलत का न्हाई?" बापूने तोंडाकडे बोट केलं आणि हात हलवला. झालं! म्हातारीचा चेहरा कळवळून आला.

"आरं माझ्या लेकरा, मुका हाय व्हय? आन् किती गोरागोमटा हाय!" तिने गाठोडं सोडून शेंगदाण्याचा लाडू काढला, त्याच्या हातात कोंबला आणि डोक्यावरून हात फिरवला. मग सबंध मोटारीला बापूबद्दल सांगून झालं. एकाने वणीच्या देवीला नवस बोलायला सांगितलं, दुसऱ्याने वेखंड चाटवायला. बापू हात जोडून सगळ्यांचे उपदेश घेत होता, आणि घामाने भिजला होता. मी आणि रशीद खिडकीबाहेर बघत होतो, कारण आत बघायची सोय उरली नव्हती.

निफाड आलं. बापू खाली उतरला, मोटार सुटेपर्यंत त्याला दम धरवेना. खिडकीपाशी जाऊन म्हणाला, "मावशी, लाडू फार छान होता हो!"

मोटारीत जो गलका उठला! म्हातारीने दोन्ही हातांची बोटं कानशिलावर मोडली, "देवी पावली गं बाई!" आणि मोटार सुटली. बापू खजील होऊन उभा राहिला. "आता ती गावभर सांगणार रे," तो म्हणाला. "बिचारीने नवससुद्धा बोलला असेल." उतरल्यावर बोलला होता, त्यामुळे चिंचोके त्यालाच मिळाले, पण ते त्याने माझ्याकडे सरकवले. "मला नकोत. तिला फसवल्यासारखं झालं." बापूचं हे असं आहे. तोंडाळ आहे, पण आतून लोणी.

निफाडला रशीदच्या ओळखीचा एक शेतकरी होता, त्याच्या मळ्यात राहिलो. आमच्या भागात द्राक्षं म्हणजे आजाऱ्याच्या उशाशी कागदात गुंडाळून आणायची वस्तू. इथे ती मांडवावरून डोक्याला लागत होती. मी एक मणी तोडून अदबीने खाल्ला, तेव्हा मळेकरी हसायला लागला. "मास्तर, आवशिध नाय ते! घड तोडा. लय हायती." पलीकडे ऊस, पाटाचं पाणी, आणि जेवायला बाजरीची भाकरी, भरीत, कांद्याची पात. आम्ही ज्वारीची माणसं, बाजरी घशात जरा अडते, पण मळेकऱ्याच्या कारभारणीने तिच्यावर लोण्याचा असा गोळा ठेवला की तक्रारीला जागाच राहिली नाही. तिथे रशीदने आव्हान घेऊन मोट हाकली. बैल त्याला जुमानेनात, आणि मोटेवरचं गाणं म्हणायला सांगितलं तर त्याने शाळेची प्रार्थना म्हटली. तो हरला. पुढचंही हरला. बापूही हरत गेला. माझे दोन्ही खिसे फुगले. माझ्यासारखा हिशेबी माणूस, पण हे दोघे एकाएकी इतके कसे हरायला लागले, हा प्रश्न मला पडला नाही. मी आपला मिशीला पीळ देत होतो.

निफाडच्या स्टेशनावर दुपारच्या गाडीची वाट बघत बसलो होतो. मनमाडला गाडी बदलून दौंडवरून घरी, असा बेत बापूने आखलेला. बाकड्यावर बसून तो म्हणाला, "दिगू, एक शेवटचं." त्याचा आवाज नेहमीचा नव्हता. त्याने उरलेसुरले चिंचोके तळहातावर घेतले. "एवढे सगळे लावतो. सासुरवाडीला जायचं आणि पोटभर जेवायचं."

मला आधी कळेचना. मग कळलं. मनमाडहून दौंडला जाणारी गाडी येवल्यावरूनच जाते. तिकिटं बापूने काढली होती.

"तू छातीवर हात ठेवून बोलला होतास!"

"मी नाव नाही काढलं. अजूनही काढलेलं नाही."

माझं डोकं फिरलं. मी एका खिशात हात घातला, होते नव्हते ते चिंचोके काढले आणि त्याच्या अंगावर भिरकावले. "घे! भरले. सुटलो मी." ते फलाटभर उडाले. तेवढ्यात रशीदने आपले पुढे केले. "माझंही तेच आव्हान." मी दुसरा खिसा त्याच्यासमोर उलटा केला. "तुझेही भरले! आणि एकाने जरी आता तोंड उघडलं, तर मी इथून चालत नाशिकला जाईन."

बापू फलाटावर ओणवा होऊन चिंचोके वेचत बसला.

गाडीत रशीद माझ्यासमोर बसला होता. मनमाड गेलं, गाडी बदलली, अंकाई-टंकाईचे डोंगर खिडकीत आले. तेव्हा तो म्हणाला, "मी येवल्याला उतरणार आहे. खाला वाट बघते आहे. तुम्ही दोघं पुढे जा, माझा राग नाही." रशीदची ही मावशी येवल्याची, तिच्या घरी पैठणीचे माग आहेत. दर संक्रांतीला ती त्याला डबा पाठवते, हे मला ठाऊक होतं. दोन्ही वर्षं त्या डब्यातल्या तिळगुळाच्या वड्या मी निम्म्याहून जास्त खाल्ल्या होत्या.

"दिगू, तो तिळगूळ खालाचा नाही," रशीद म्हणाला.

"मग कोणाचा?"

"तुझ्या सासूबाईंचा. त्या खालाकडे आणून देतात. म्हणतात, माझ्या नावाने पाठवला तर ते खाणार नाहीत, तुझ्या भाच्याच्या नावाने पाठव. परत बाजारात भेटल्या की विचारतात, खाल्ला का, काही म्हणाले का."

मी काय म्हणालो होतो ते मला लख्ख आठवत होतं. पहिल्या वर्षी एक वडी तोंडात टाकून मी म्हटलं होतं, "रशीद, हा अगदी इंदूच्या हातचा लागतो रे." आणि रशीद पटकन उठून फळा पुसायला लागला होता.

"हे तू त्यांना सांगितलंस?"

"खालाने सांगितलं. त्या दिवशी त्या आमच्या खालाच्या मागाशेजारीच बसून रडल्या म्हणे. आणि गेल्या संक्रांतीला दुप्पट वड्या आल्या."

माझ्या खिशात आता एकही चिंचोका नव्हता. आव्हान मी दोनदा नाकारलं होतं, भरपाई करून मोकळा झालो होतो. माझ्यावर कोणाचीही सक्ती उरली नव्हती. गाडी येवल्याला थांबली तेव्हा माझी ट्रंक मीच खाली घेतली.

येवला

खरं सांगायचं तर मी सरळ सासुरवाडीला गेलो नाही. रशीद आणि बापूबरोबर आधी खालाकडे गेलो आणि पैठणीचा माग बघत बसलो. जांभळ्या रेशमावर जरीच्या पदरात मोर भरला जात होता. अगदी बोटभर मोर, आणि त्याला सकाळपासूनचा वेळ गेलेला. मी त्याचं इतकं कौतुक केलं, इतके प्रश्न विचारले की शेवटी खालाने कंबरेवर हात ठेवले.

"मास्तर, माग उद्या भी इथंच हाय. मोर उडून जात नाय. उठा आता. ती बाई दोन साल वाट बघून ऱ्हायली."

गल्ली तीच होती. दार उघडं होतं. सासूबाई उंबऱ्याशी बसून पाखडत होत्या. मी "आई" म्हटलं. त्यांनी वर पाहिलं, आणि ज्या गोष्टीला मी दोन वर्षं भीत होतो ती झाली. त्यांची नजर माझ्या मागे गेली. क्षणभरच. मग परत आली, माझ्या चेहऱ्यावर थांबली, आणि त्या म्हणाल्या, "किती वाळलात हो!" बस. एवढंच. मी उंबऱ्यावर तसाच खाली बसलो आणि लहान मुलासारखा रडलो. त्याही रडल्या. आतून सासरे आले, आमच्याकडे बघून परत आत गेले आणि पाण्याचा तांब्या घेऊन आले.

"जेवायचंय मला," मी म्हटलं. "पोटभर."

"घरात नुसतं पिठलं टाकलंय हो! थांबा, जावयाला काय पिठलं वाढू? डाळ भिजत घालते."

"पिठलंच वाढा."

मग त्यांना सगळं सांगितलं. अट, चिंचोके, रहाड, मुका बापू, फलाटावरचा राग. बापूची मोटारीतली हकीकत ऐकून त्या डोळे पुसता पुसता हसू लागल्या. "त्या दोघांना कुठे सोडलंत? बोलवा त्यांना." ओसरीवर तिघांची पानं मांडली, मधे रशीदचं. शेजारीण दाराशी येऊन डोकावली, पानांकडे बघून भुवई वर करून गेली. सासूबाईंनी तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही, रशीदला तूप वाढलं. पिठलं, गरम भात, वर लसणाची चटणी. मी हात आडवा धरला की त्या म्हणायच्या, "पोटभर ठरलंय ना? ते मी सांगेन." सासरे एवढंच म्हणाले, "तुमची पुढची गाडी गेली असेल." आणि मग जरा थांबून, "बरंच झालं."

जेवणं झाल्यावर सासूबाई आत गेल्या आणि एक लाकडी डबी घेऊन आल्या. तिच्यात चिंचोके होते, सारीपाटाच्या फाशासाठी एका बाजूने दगडावर घासून पांढरे केलेले. इंदूच्या लहानपणचे. ती हरायला लागली की फासे लपवायची म्हणे. मला हे ठाऊक नव्हतं. दोन वर्षांनी मला तिच्याबद्दल एक नवी गोष्ट कळली, आणि ती सांगणारं माणूस मी इतके दिवस टाळत होतो.

त्यांनी एक चिंचोका उचलला. "तुमच्या खेळात बायकांना घेता का?"

"घेतो की!" बापू म्हणाला.

"मग माझं आव्हान जावईबापूंना." त्यांनी तो चिंचोका माझ्या तळहातावर ठेवला. "दुसरं लग्न करा. आणि ती मुलगी पहिल्या माहेरपणाला इथे पाठवा. तिच्या आईकडे नंतर. आमच्यात पहिलीचं माहेर तेच दुसरीचं माहेर असतं. माझ्या घरी मुलीने यायचं थांबलंय, ते मला सोसत नाही."

बापू आणि रशीद, वर्षभर हाच धोशा लावणारे हे दोघे, खाली मान घालून बसले होते. मीच म्हणालो, "पण आई, चिंचोका आधीच कसा दिलात? आव्हान पुरं झाल्यावर द्यायचा."

"माझा नियम वेगळा. जमलं तर तिला घेऊन या, चिंचोका तुमचा. नाही जमलं तर हा परत आणून द्यायचा. टपालाने नाही. स्वतः येऊन, माझ्या हातात."

"म्हणजे जिंकलो तरी यायचं आणि हरलो तरी यायचं?"

"गणिताचे मास्तर ना तुम्ही?" सासूबाई म्हणाल्या.

साताऱ्याला परतल्यावर खिसे मोजायची गरजच पडली नाही. माझा रिकामा होता. जिंकले ते दोघे, आणि त्यांनी मिळून एकच म्हणणं मांडलं, की हा सगळा प्रवास मी लिहून काढावा, काही न लपवता. म्हणून हे लिहिलं. रहाडीतून ओढून काढणाऱ्या त्या नाशिककराचे, लोण्याचा गोळा ठेवणाऱ्या त्या माउलीचे, मला मागावरून उठवणाऱ्या खालाचे उपकार आहेतच. पण नाही म्हणायची मोकळीक मला राहावी म्हणून स्वतः हरत हरत मला येवल्यापर्यंत नेऊन सोडणारे असे दोन मित्र ज्याला आहेत, त्याने नशिबाला बोल लावू नये. मी लावत होतो. आता लावत नाही.

लग्नाचं अजून काही ठरलेलं नाही. तो अर्धा पांढरा चिंचोका माझ्या चष्म्याच्या घरात आहे, चष्मा काढताना रोज बोटाला लागतो. पिठल्यावर जावयाची बोळवण झाली हे सासूबाईंच्या मनाला लागून राहिलंय, त्यांनी मे महिन्यात आमरसाला बोलावलं आहे. मी जाणार आहे, आणि या खेपेला कोणी काही लावायची गरज नाही.